मेणकाची पात

शेवटच्या तासाला कापणी-खोलीत कुणी बोलत नसे. तशी कुणाची ताकीद नव्हती. पण त्या तासाला ताईचा कान चालायचा, आणि सगळ्या वस्तीचा श्वास त्या कानावर टांगलेला आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तशी ती सख्खी ताई फक्त एकीचीच. पण कापणारे, गाठी धुणाऱ्या बायका, दारावरचा पहारेकरी, अगदी साहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे. जिची ती खरी ताई होती ती धाकटी तिसऱ्या ओट्यावर पाती कापायची. दोघींमध्ये अकरा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. स्वतःचं लग्न करायचं त्या धांदलीत राहून गेलं ते गेलंच.

वस्ती जमिनीच्या पोटात होती. वर दगड, दगडाच्या वर उघडं काळं आभाळ, आणि हवा कुठेच नाही. माणसं कोरलेल्या गल्ल्यांमध्ये राहायची आणि मेणकाच्या जिवावर श्वास घ्यायची. मेणक ही चीज मोठी लहरी. खोल भुयारांत काळ्या दगडात तिच्या मुठीएवढ्या गाठी सापडायच्या. नव्याने काढलेली गाठ मेणासारखी मऊ, पिवळसर, हाताला किंचित कोमट लागणारी. पण तिला उजेड-वारं लागलं की ती घट्ट व्हायला लागायची, आणि नऊ तासांनी अशी कडक व्हायची की तिच्यावर कुठलंच हत्यार चालत नसे. तेवढ्या वेळात ती बारीक तारेने, साबणाची वडी कापावी तशी, हाताने कापायची. एका गाठीच्या दोन पाती, फार तर तीन. नखाएवढी जाड, तळहाताएवढी रुंद. भिंतीतल्या चौकटीत अशी पात बसवून वीज सोडली की शिळी हवा तिच्यातून जाऊन ताजी होऊन बाहेर यायची. एक पात चार माणसांना चार वर्षं पुरायची.

यंत्रं आणून पाहिली होती. यंत्राच्या थरथरीने पातीला आतल्या आत भेगा पडायच्या, आणि भेग गेलेली पात कधी उभी फुटेल याचा नेम नसे. म्हणून कापायला हात आणि तपासायला कान. पात ना मऊ ना कडक अशी असताना ताई ती कानाशी धरायची, नखाने हलकेच टिचकी मारायची. चांगली पात काचेच्या पेल्यासारखी वाजायची आणि आवाज वर वर जात विरून जायचा. भेग असली तरी पात वाजायची तशीच, फक्त शेवटी, विरता विरता, एक अगदी बारीक कुरकुर यायची. ती ऐकू आली की पात टोपलीत. नाही आली की ताई पातीच्या कडेवर अंगठा दाबायची. तो ठसा पातीबरोबर कडक होऊन कायमचा राहायचा. त्याच्या शेजारी कापणाऱ्याची खूण असायची. धाकटीची खूण म्हणजे सुईने टोचलेले तीन ठिपके.

सव्वीस वर्षांत ताईचा अंगठा एकदाही खोटा पडला नव्हता. लोक भिंतीतली पात दाखवून पाहुण्यांना सांगायचे की ताईच्या हातची आहे, निर्धास्त झोपा.

आणि दीड वर्षापूर्वी तिचा कान गेला.

सगळा गेला नाही. माणसांचं बोलणं, पंख्यांची घरघर, भांडी, पावलं, सगळं ऐकू यायचं. फक्त वरचे, अगदी बारीक आवाज गेले. तिला ते कळलं तेसुद्धा धाकटीकडे चहाला बसली असताना. धाकटी आतून ओरडली, अगं किटली केव्हाची शिट्टी मारतेय, उतरव ना. किटली ताईच्या हाताच्या अंतरावर होती. ताईने ती उतरवली आणि चहा गाळायला घेतला.

त्यानंतर तिने दुसरीच युक्ती धरली. कापणाऱ्याला आपली पात कशी उतरलीय ते आतून ठाऊक असतं. तार कुठे अडखळली ते बोटांना कळतंच. ताई टिचकी मारायची पातीवर, पण बघायची कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. कुणाची पापणी हलली, कुणी ओठ मिटले, की पात टोपलीत. आणि ती युक्ती इतकी बिनबोभाट चालली की पुढे पुढे ताईला स्वतःलाच वाटायला लागलं, आपला कान काही इतका वाईट नाही. खाली मान घालून हे सांगायचं तरी कुणाला आणि कसं? सगळ्या वस्तीत तिला जी किंमत होती ती या एका कानामुळे. तो काढून घेतला तर मागे उरते एक एकटी, तिरसट बाई, असं तिला वाटायचं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी घाई होती. गाठ उशिरा आली होती. वेळ पुकारायला एक म्हातारा असायचा. त्याला सगळे घड्याळकाका म्हणायचे. स्वतःच्या जेवणाला रोज उशिरा पोचणारा हा माणूस मेणकाच्या बाबतीत मिनिटाला चुकत नसे. त्याने शेवटची दहा मिनिटं पुकारली तेव्हा ताईच्या हातात धाकटीची दुसरी पात होती. ताईने टिचकी मारली, धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा सकाळपासूनच उतरलेला होता, तिच्या नवऱ्याला ताप होता. त्या चेहऱ्यावरून काही कळेना.

ताईने अंगठा टेकवला तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "ताई, अजून एकदा ऐकतेस का? मला तार जड गेल्यासारखी वाटली."

खोली शांत होती. पाचही ओट्यांवर ते ऐकू गेलं.

"तू काप," ताई म्हणाली. "ऐकायचं मी बघते." आणि तिने अंगठा दाबला.

धाकटीने तार पुसून ठेवली. सव्वीस वर्षांच्या कानापुढे ती काय बोलणार?

ती पात सातव्या भुयारातल्या आसऱ्याच्या खोलीत गेली. भुयार ढासळलं तर आत अडकलेल्यांनी जाऊन बसायचं, दार लावून घ्यायचं आणि वाट बघायची, अशासाठी ती खोली होती. चार महिन्यांनी भुयार खरंच ढासळलं. नऊ जण, सात पुरुष आणि दोन बाया, धडधाकट त्या खोलीत पोचले. दार लागलं. आत पाणी होतं, खायला होतं. दगड उपसून त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले, आणि तीन दिवस म्हणजे काहीच नव्हे असं बाहेरचे सगळे म्हणत होते. बायका-पोरं भुयाराच्या तोंडाशी डबे घेऊन बसली होती.

दार उघडलं तेव्हा नऊही जण भिंतीला टेकून बसलेले होते. कुणीतरी आपला कोट काढून शेजारच्या बाईच्या अंगावर घातला होता. चौकटीतली पात मधोमध उभी फुटली होती.

तिचे दोन तुकडे ताटात ठेवून कापणी-खोलीत आणले. एका तुकड्याच्या कडेवर अंगठा होता आणि त्याच्या शेजारी तीन ठिपके. ताईने ते पाहिलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. धाकटीने ताटाकडे पाहिलं नाही. ती ताईकडे पाहत होती.

चौकशी बसली. वरच्या कचेरीतून तीन अधिकारी आले, त्यांच्याबरोबर मेणकाचा एक जाणकार. त्याने तुकडे भिंगाखाली धरून सांगितलं की कापताना तार तिरकी गेली, त्यामुळे पातीत ताण राहिला. तपासताना भेग नसेल, पुढे पडली असेल. पारखणारीचा त्यात काय दोष? सगळ्यांनाच हे पटलं, कारण सगळ्यांनाच ते पटायला हवं होतं. धाकटीला विचारलं. तिने सांगितलं की पात मी कापली. अजून काही सांगायचंय का, म्हणून विचारलं. तिने पुन्हा एकदा ताईकडे पाहिलं आणि नाही म्हणाली.

ताई पुढच्याच खुर्चीवर बसली होती. आत्ता उठावं, आत्ता उठावं असं मनात घोकत होती. ती उठली नाही. धाकटीला खालच्या भुयारात दोन वर्षं दगड वाहायची शिक्षा झाली, आणि त्याच दुपारी तिला खाली नेलं.

तीन दिवस ताई कामावर गेली, घरी आली, भिंतीकडे बघत बसली. चौथ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "साहेब, ते नऊ जण धाकटीमुळे नाही, माझ्यामुळे गेले. मला ऐकू येत नाही."

साहेबांनी उठून दार लावलं. त्यांनी आधी तिची समजूत घातली: बहिणीसाठी जीव तुटतोय, समजू शकतो. मग तिचा चेहरा पाहून ते थांबले. कपाटातून त्यांनी पाच पाती काढल्या, त्यांतल्या दोन टोपलीतल्या. ताईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एकेक तिच्या कानाशी वाजवली. पाचही चांगल्या आहेत असं ताईने सांगितलं.

साहेब खुर्चीत बसले. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. दीड वर्ष, असं ताईने सांगितलं. दीड वर्षात पाच हजारांवर पाती तिच्या अंगठ्याखालून गेल्या होत्या. गल्ल्यांत, शाळेत, दवाखान्यात, माल नेणाऱ्या जहाजांत.

"माझ्या घरात दोन आहेत," साहेब म्हणाले. "पोरांच्या खोलीत एक. दोन्हींवर तुमचा अंगठा."

सगळ्या उतरवा आणि पुन्हा तपासा, असं ताई म्हणाली. साहेबांनी विचारलं, तपासणार कोण? तुम्हीच एकट्या होता. उतरवून जागी लावायला दुसऱ्या पाती कुठल्या? कोठारात तीनशे आहेत. हे बाहेर फुटलं तर लोक त्या तीनशेंवर तुटून पडतील, एकमेकांना तुडवतील. ते हे सगळं सावकाश, जवळजवळ विनवणीच्या सुरात बोलत होते. ताईला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाहीये, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

"आणि धाकटी?"

"एकीवर निभावलं असं समजा." ते दाराकडे गेले. "ताई, आज तुम्ही माझ्याकडे आलाच नाहीत. उद्या वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर गेली आणि आलेली प्रत्येक पात तिने टोपलीत टाकली. बाराच्या बारा. कापणारे एकमेकांकडे बघायला लागले. एका पोरीला तर रडूच फुटलं, तिची पात आरशासारखी उतरली होती. खोली रिकामी झाल्यावर घड्याळकाका ताईजवळ आले.

"कान गेला ना?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. त्यांना बऱ्याच दिवसांपासून संशय होता. वेळ पुकारण्याआधी ते मुद्दाम बारीक शीळ घालून पाहायचे आणि ताईची मान वळायची नाही. मग बोलला का नाहीत, असं ताईने विचारलं.

"तुम्हीच सांगाल असं वाटलं. तुमच्यासारख्या बाईला मी काय सांगायचं?" म्हातारा म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखा निघून गेला.

ताई तिथून सरळ मेहुण्यांकडे गेली. धाकटीचा नवरा जोडारी होता. भिंतींच्या चौकटी उघडून पाती बसवायचं काम त्याचंच. चार महिन्यांपूर्वीचा ताप पुन्हा उलटला होता, त्यातून उठून त्याला दोनच दिवस झाले होते. बायको गेल्यापासून त्याने खोली झाडलेली दिसत नव्हती. तो बुटाचा पट्टा शिवत बसला होता. ताईने सगळं सांगितलं. धाकटीने अजून एकदा ऐक म्हटलं होतं तेही सांगितलं. त्याची सुई थांबली नाही. पट्टा शिवून झाला, त्याने दोरा दाताने तोडला, बूट पायात घातले.

"ताई, यापुढे मी तुमच्याशी कामापुरतं बोलेन," तो म्हणाला. "कुठून सुरुवात करायची?"

त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि दोघं निघाली. चौकटी साफ करायला आलोय असं सांगून पहिल्याच गल्लीतल्या पहिल्या खोलीत शिरली. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. जोडाऱ्याने वीज बंद करून पात उतरवली. पंखा थांबला, खोलीत एकदम सामसूम झाली. ताईने आपल्या पिशवीतून दोन पाती काढल्या, एक चांगली, एक टोपलीतली. त्या बाईच्या कानाशी आधी एक वाजवली, मग दुसरी, आणि फरक कळतो का म्हणून विचारलं. दोनदा कळला नाही. तिसऱ्यांदा त्या बाईने डोळे मिटले.

"दुसरीत शेवटी काहीतरी आहे," ती म्हणाली. "भातात खडा लागावा तसं."

"आता तुमची ऐका."

तिची पात चांगली निघाली. त्या बाईला अजून कळलं नव्हतं की हे कशासाठी चाललंय. कळल्यावर ती तडक शेजारणीला हाक मारायला गेली.

सहा दिवस ती दोघं दारोदार हिंडली; अडवलं तर बातमी आणखी फुटेल म्हणून साहेबांनीही अडवलं नाही. जी विद्या ताईने सव्वीस वर्षं मुठीत धरून ठेवली होती, तीच आता ती दिसेल त्याला देत सुटली. बायकांना, म्हाताऱ्यांना, घरी असेल त्याला. कुणाला पटकन यायचं, कुणाला येतच नसे, मग शेजारचं कुणीतरी यायचं. ताई स्वतः मधे उभी असायची, टिचकी मारायची, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत निकालाची वाट बघायची. दोनशे साठ खोल्यांत चौदा पाती भेगाळलेल्या निघाल्या. एक पाळण्याच्या वर होती. साहेबांच्या हुकमाशिवाय कोठारातली पात मिळत नसे, म्हणून ज्यांची पात खराब ती माणसं गाठोडी घेऊन शेजाऱ्यांकडे राहायला गेली, एकेका खोलीत आठ-आठ, नऊ-नऊ जण कोंडून राहिले. काहींनी ताईचे पाय धरले. एक म्हातारा तिच्या तोंडावर थुंकला; त्याचा मुलगा त्या नऊ जणांत होता. ताईने पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. जोडाऱ्याने ते पाहिलं, पण तो कामापुरतंच बोलायचा, आणि हे काम नव्हतं.

सातव्या दिवशी साहेबांचं भाकीत खरं झालं. बातमी आता गल्लीबोळांत पसरली होती आणि पसरता पसरता वाढली होती. ताईने हात लावलेली प्रत्येक पात फुटणार असं लोक बोलत होते. सकाळी पाळी बदलायच्या वेळेला तीन-चारशे माणसं कोठारापुढे जमली. कोठीवाल्याने आतून अडसर घातला. घड्याळकाका कापणी-खोलीतून धावत गेले, दारापुढे उभे राहिले आणि वेळ पुकारायच्या त्या खणखणीत आवाजात सांगायला लागले, एकेकाने या, घरात लहान मूल असेल त्याने आधी या. पुढच्यांनी ऐकलंही असेल. मागच्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. दार मोडलं. मांडण्या आडव्या झाल्या. चांगल्या, तपासलेल्या, ताईचा कान शाबूत होता तेव्हापासून राखून ठेवलेल्या दीडशे पाती लोकांच्या पायांखाली चुरा झाल्या. गर्दी पांगली तेव्हा दारात घड्याळकाका पडलेले होते. कोठीवाला मांडणीखाली होता. दोघंही गेले होते.

ताई तिथे पोचली तेव्हा कुणीतरी घड्याळकाकांच्या तोंडावर फडकं टाकलं होतं. जमिनीवर सगळीकडे पिवळा चुरा होता आणि त्यावरून चालताना पायांखाली तो कसा वाजतोय हे तिला ऐकू येत नव्हतं. तिने एक मोठा तुकडा उचलला. त्याच्यावर तिचाच अंगठा होता, खरा ठरलेला. ती तिथेच बसून राहिली. पहारेकरी आले तेव्हा तिने स्वतःच हात पुढे केले.

दुसरी चौकशी पहिलीपेक्षा मोठी झाली. साहेबांना काढलं. त्यांच्या घरातल्या पाती चांगल्या निघाल्या होत्या असं ताईच्या कानावर आलं. ताईने या वेळी काही म्हणून लपवलं नाही. किटलीपासून सांगितलं. चेहरे बघून पाती पास केल्या ते सांगितलं. आणि धाकटी सुटावी म्हणून हेही सांगितलं की धाकटीची काहीच चूक नव्हती. उलट तिने त्याच वेळी मला म्हटलं होतं, अजून एकदा ऐक, तार जड गेली.

लिहून घेणाऱ्याने मान वर केली. मुख्य अधिकाऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ताईने म्हटलं.

निकालात लिहिलं होतं की पात सदोष असल्याचं कापणारीला ठाऊक होतं आणि तरीही तिने ते वर कळवलं नाही. सबब तिची शिक्षा कायम. ताईचं वय आणि कबुली पाहून तिला भुयारात पाठवलं नाही. तिला कामावरून काढलं आणि नवीन पारखणाऱ्या तयार करायला लावलं. ज्यांना गल्ल्यांत तिने शिकवलं होतं त्यांच्यातल्या बारा बायका निवडल्या होत्या. प्रत्येक पात आता तिघींच्या कानाखालून जायची. वस्तीतल्या सगळ्या पाती तपासून व्हायला सात महिने लागले. भेगाळलेल्या एकशे तीन निघाल्या. त्या सात महिन्यांत आणखी कुणी दगावलं नाही, आणि हे ताईला कुणी चांगलं म्हणून सांगितलं की ती उठून जायची.

महिन्यातून एकदा खालच्या भुयाराच्या फाटकाशी भेटायला देत. ताई दर महिन्याला जायची. धाकटी नवऱ्याला भेटायची. ताईला निरोप यायचा, नाही. असं नऊ महिने. ताई जाळीबाहेरच्या बाकावर वेळ संपेपर्यंत बसायची आणि परत यायची. मेहुणे तिच्याबरोबरच चालत येत, दोन पावलं पुढे.

दहाव्या महिन्यात धाकटी आली. केस कापलेले, अंगभर दगडाची भुकटी, एका हाताची दोन बोटं बांधलेली. ती जाळीला लागून उभी राहिली. पलीकडे पंखे घोंघावत होते.

ताईने पाठ करून ठेवलेलं सगळं ती विसरली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी उठायला हवं होतं. त्या दिवशी."

"हो," धाकटी म्हणाली.

धाकटीने बांधलेली बोटं दुसऱ्या हाताने चोळली.

"मीही मोठ्याने म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "तुझ्या अंगावर ओरडायला हवं होतं. मला तेव्हा नवऱ्याच्या तापाची काळजी होती. म्हटलं, जाऊ दे, हिला कळतं. खाली दगड उचलताना माझ्या डोक्यात तेच चालतं, ताई. ते म्हणतात ते खोटं नाहीये."

ताईने जाळीला हात लावला. धाकटीने लावला नाही. पण ती वेळ संपेपर्यंत थांबली. नवरा नीट जेवतो का, त्याचा खोकला गेला का, घड्याळकाकांच्या मागे कोण आहे, असं काय काय विचारत राहिली. घड्याळकाकांच्या मागे कुणीच नव्हतं. त्यांची खोली आता बारा जणींपैकी एकीला दिली आहे, असं ताईने सांगितलं.

दोन वर्षं संपल्यावर धाकटी वर आली. छातीत भुकटी बसली होती. चार पावलं चालली की तिला थांबावं लागायचं. तार धरायला तिची बोटं उपयोगाची राहिली नव्हती आणि ओटा तिने मागितलाही नाही. ती शाळेत पोरांचे डबे धुवायच्या कामाला लागली. मेहुणे ताईशी हळूहळू बोलायला लागले, आधी हवापाण्याचं, मग पाठदुखीचं. भुयारात गेलेल्या नऊ जणांच्या घरांपैकी पाच घरं ताईला रस्त्यात पाहून तोंड फिरवतात, एक घर फिरवत नाही, आणि तीन घरं वस्ती सोडून गेली. कोठीवाल्याची बायको तिला एकदा दुकानात भेटली. तिने नुसतं बघितलं, आणि ते बघणं ताई अजून विसरलेली नाही.

ताईचे बाकीचे आवाजही आता चाललेत. पंख्यांची घरघर गेली, पावलं गेली, माणसांचं बोलणं फडक्याआडून यावं तसं येतं. सुट्टीच्या दिवशी धाकटी तिच्याकडे येते. दोघी भाजी निवडतात, एखादा फाटका कपडा शिवतात. धाकटी आली की ती न विचारता ताईच्या उजव्या बाजूला बसते, कारण त्या कानाने ताईला अजून थोडं ऐकू येतं.